चालणारी पोरं आणि खेळाचा तास

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत खेळाच्या तासाचा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळतं: 'आमची पोरं दिवसभर चालतातच की! त्यांना आणखी कसला व्यायाम?' पालक हे म्हणतात, शाळा व्यवस्थापन समितीतली माणसं म्हणतात, आणि पटसंख्या, पोषण आहार, ऑनलाइन माहिती यांत बुडालेले मुख्याध्यापकही म्हणतात. हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. खांडसच्या वाड्या भीमाशंकरच्या पायथ्याला आहेत. शिडी घाट आणि गणेश घाट तिथल्या मुलांच्या पायाखालचे. आंबिवलीहून कोथळीगडाखालच्या पेठ गावात चढताना शहरातून आलेला ट्रेकर वाटेत तीनदा बसतो, आणि किराणा घेऊन निघालेलं तिथलं दहा वर्षांचं पोर त्याला मागे टाकून जातं. उन्हाळा लागला, विहिरी आटल्या की मुलींच्या डोक्यावर हंडे येतात. लाकूडफाटा, गुरं, धाकटी भावंडं हे तर बारमाही. या मुलांना 'हातपाय हलवा' असं सांगणं हा त्यांच्या कष्टांचा अपमानच होईल.

म्हणून शालेय शारीरिक शिक्षणाची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सुरुवात याच आक्षेपापासून केलेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी साठ मिनिटं तरी मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करायला हवी. शाळेत चालत येणं, घरकाम, खेळ असं सगळं त्यात धरलं जातं. या हिशोबाने पाथरज-खांडस भागातल्या मुलाची साठ मिनिटं शाळेची घंटा होण्याआधीच भरत असतील. मिनिटं मोजूनच खेळाची बाजू मांडायची ठरवली, तर या तालुक्यांच्या डोंगराळ अर्ध्या भागात आपण वाद हरलो. मला वाटतं तो हरावाच, कारण या मुलांसाठी खेळाचा तास हवा आहे तो वेगळ्याच कारणांनी.

ती कारणं कळण्यासाठी आधी हा मुलूख नीट पाहायला हवा. एका बाजूला उल्हास नदीचं खोरं, दुसऱ्या बाजूला पाताळगंगेचं, पाठीशी सह्याद्रीची भिंत. रेल्वेने हा भाग मुंबईला कधीच बांधला. टाटांचं वीजकेंद्र 1915 मध्ये खोपोलीत सुरू झालं, पुढे भिवपुरीत. मग कारखाने आले, द्रुतगती महामार्ग आला, फार्महाउसं आली. आज इथल्या शाळांमध्ये तीन तऱ्हांची मुलं दिसतात. ठाकूर आणि कातकरी या आदिवासींच्या वाड्यांवरची मुलं पायी येतात, नाहीतर आश्रमशाळेत राहतात. कर्जत, नेरळ, खोपोलीतली मुलं रिक्षातून किंवा व्हॅनमधून शाळेत येतात, तिथून क्लासला जातात आणि घरी आली की मोबाइल घेतात. खोपोली-रसायनी पट्ट्यातल्या कामगारांची मुलं बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा अशा कुठकुठल्या मुलखांतून आलेली असतात. त्यांतल्या अनेकांना वर्गातलं मराठी पहिले काही महिने डोक्यावरून जातं. शहरातल्या मुलाला साठ मिनिटांची गरज आहे, आणि ती तातडीची आहे. कामगाराच्या मुलाला खेळ आधी भाषा देतो, सवंगडी देतो. 'पकड', 'बाद', 'माझी पाळी' हे शब्द त्याला पुस्तकाआधी मैदानावर सापडतात. वाडीवरच्या मुलाचं काय, हा प्रश्न मात्र सोपा नाही.

वाडीवरचं मूल कष्ट करतं, पण त्या कष्टांत त्याला निवड नसते. हंडा कधी भरायचा, किती खेपा करायच्या, हे विहीर आणि घर ठरवतं. थकलं तरी थांबता येत नाही आणि चांगलं केलं तरी कुणी वाहवा करत नाही. ते काम एकट्याने करायचं असतं आणि चुकलं तर बोलणी बसतात. खेळात मूल आपणहून उतरतं, नियम कबूल करतं, चुकतं आणि पुढच्या डावात पुन्हा उभं राहतं. शरीर दोन्हीकडे घाम गाळतं, मनाचा अनुभव मात्र सर्वस्वी निराळा असतो. आश्रमशाळेत कोवळ्या वयात आईबापांपासून दूर येऊन पडलेल्या मुलाला हा दुसरा अनुभव दिवसातून एकदा तरी मिळावा, एवढी एक गोष्ट जरी घडली तरी खेळाच्या तासाचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

आता अभ्यासाबद्दल. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं आणि नंतर लक्ष एकाग्र करण्याच्या व वाचून समजण्याच्या चाचण्या दिल्या. नुसतं बसून राहिल्यानंतर दिलेल्या चाचण्यांपेक्षा चालल्यानंतरच्या चाचण्यांत मुलांची कामगिरी उजवी ठरली. हे 2009 चं. पुढे 2014 मध्ये त्यांनीच सात ते नऊ वर्षांच्या दोनशेहून अधिक मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा सुटल्यावर नऊ महिने नियमित खेळलेल्या मुलांमध्ये मनाला आवर घालण्याची आणि गरजेनुसार लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवण्याची क्षमता जास्त वाढलेली दिसली. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत 2012 मध्ये मुख्याध्यापिकेने मुलांना रोज पंधरा मिनिटं मैदानाभोवती धावायला सोडायला सुरुवात केली, ना गणवेश बदलायचा, ना स्पर्धा. तो साधा उपक्रम पुढे अनेक देशांत गेला. एवढं वाचून कुणी म्हणेल की मग आमची मुलं चालत येतात, त्यांचं लक्ष चांगलंच लागत असेल. पोट भरलेलं असेल आणि वाट चिखलाची नसेल तर लागतही असेल. पण मनाला आवर घालण्याची क्षमता घडायला, मला वाटतं, नुसतं चालणं पुरत नाही. ती ज्याच्यात वापरावी लागते असा खेळ हवा. आणि असा खेळ आपल्या मातीत तयार आहे.

खो-खोचा एक डाव जवळून पाहा. मधल्या पाटीवर आठ मुली आठ चौकोनांत बसल्या आहेत, एकीचं तोंड इकडे, तर शेजारणीचं तिकडे. नववी पाठलाग करते आहे. पळती बाजूच्या तिघी समोरून सुटतात. बसलेल्या मुलीच्या हाताशी येऊन, अगदी पदर लागेल इतक्या अंतरावरून पळणारी निघून जाते, आणि तरीही बसलेलीने उठायचं नाही. पाठीला हात लागला आणि कानावर 'खो' आला की मगच उठायचं. उठल्यावर एक दिशा धरली की खांबापर्यंत ती सोडायची नाही; मधली पाटी ओलांडायची नाही; मागे वळायचं नाही. पळणारी नेमकी मागे गेली, तर स्वतः हळहळत न बसता योग्य मैत्रिणीला खो द्यायचा. नऊ मिनिटांच्या एका पाळीत एकेका मुलीला असं किती वेळा स्वतःला थोपवावं लागतं आणि किती वेळा क्षणात निर्णय घ्यावा लागतो! गणित सोडवताना पहिलं सुचलेलं उत्तर न लिहिता प्रश्न पुन्हा वाचणं, दुसऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत गप्प राहणं, हेच तर ते शिक्षण. त्यासाठी लागतात दोन खांब, थोडी फक्की आणि सपाट जागा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये या खेळाचे नियम बांधायला घेतले आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या दोन्ही संघांनी ती जिंकली, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते.

कबड्डीबद्दल रायगडात सांगायला नको. भातकापणी झाली, शेतं मोकळी झाली की हॅलोजन लागतात आणि गावोगावी सामने सुरू होतात. शाळेच्या दृष्टीने मला या खेळातला एक नियम फार मोलाचा वाटतो. बाद झालेला गडी कायमचा बाहेर जात नाही. आपल्या बाजूने समोरचा गडी टिपला की जो आधी बाद झाला तो आधी परत येतो. म्हणजे बाहेर बसलेल्याचं परत येणं साथीदारांच्या कामगिरीवर ठरतं, आणि त्याचा क्रम कुणाच्या लाडक्या असण्यावर ठरत नाही. वर्गात 'मागे पडलेला' असा शिक्का बसलेल्या मुलाला हा न्याय दुसरीकडे कुठे अनुभवायला मिळणार?

मुलींचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. चौथी-पाचवीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने धावतात. सातवीपासून त्या मैदानाच्या कडेला सरकू लागतात. कधी शाळेत बाई नसतात, कधी स्वच्छतागृहाला पाणी नसतं, कधी गणवेशाच्या कुर्त्यात पळायला अवघड वाटतं, कधी गावातली माणसं कुंपणाशी उभी राहून बघत असतात. मासिक पाळीविषयी कुणी धड बोललेलं नसतं. यातलं एकही कारण मुलीच्या अंगच्या कमतरतेचं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी कन्या कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा आश्रमशाळांमधून तिचे फोटो लागले. फोटो लावणं चांगलंच आहे. त्याआधी ट्रॅकपँट, पाणी आणि मुलींना विश्वासाची वाटेल अशी एक बाई, एवढं शाळेने केलं तर फोटोखालून धावणाऱ्या मुली दिसतील.

शरीराबद्दल बोलायचं तर भुकेबद्दलही बोलायलाच हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी जवळपास 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. कर्जतच्या वाड्यांमधलं कुपोषण तर वर्षानुवर्षं बातम्यांत आहे. अशा मुलीला रिकाम्या पोटी चारशे मीटर पळायला लावणं हा खेळ नव्हे. तिला चक्कर आली की सगळे म्हणणार, 'मुलींना झेपत नाही.' म्हणून खेळाचा शिक्षक आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांचं बोलणं व्हायला हवं. लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या का, जंतनाशक दिलं का, आज सकाळी कोण काही न खाता आलं, हे शिट्टी वाजवण्याआधी माहीत असावं. पाच मिनिटांची ही चौकशी म्हणजे शारीरिक शिक्षणाचा पहिला धडा आहे, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत जास्त वगळला जातो.

कातकरी मुलांची आणखी एक अडचण आहे. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला निघतात, परततात ती पावसाच्या तोंडावर. मूल मध्येच जातं आणि परत येतं तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. फळ्यावरचं काही कळत नाही, चिडवाचिडवी होते, मूल पुन्हा येईनासं होतं. मैदानावर मात्र त्याचं काही बुडालेलं नसतं. लगोरी, विटीदांडू, कबड्डी त्याला येते, बहुतेकदा इतरांपेक्षा सरस येते. परतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी चाचणीला न बसवता एखाद्या गटाचा म्होरक्या करा, असं या पुस्तकातल्या एका प्रकरणात सुचवलं आहे. मला ते मनापासून पटतं. शाळेत आपल्याला काहीतरी येतं, ही खात्री पटली की न येणाऱ्या गोष्टींकडे वळायचं धैर्य येतं.

इर्शाळवाडीचा उल्लेख टाळून खालापूरच्या मुलांविषयी लिहिता येणार नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालच्या त्या ठाकूरवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. आश्रमशाळेत राहणारी काही मुलं त्या रात्री वाडीत नव्हती म्हणून वाचली, आणि त्यांच्यातल्या कित्येकांचं घरच राहिलं नाही. एवढं मोठं दुःख शब्दांत सांगण्याचं वय त्यांचं नव्हतं. जगभर आपत्तीनंतर युनिसेफसारख्या संस्था मुलांसाठी जी कामं आधी हाती घेतात, त्यांत खेळायला सुरक्षित जागा आणि ठरल्या वेळी ठरलेला खेळ हे असतं. रोज चार वाजता मैदानावर जमायचं, तीच मुलं, तेच सर, तोच डाव: उद्या काय होईल याचा भरवसा उडालेल्या मुलाला या नेमाने आधार मिळतो. खेळाने दुःख जात नाही. समुपदेशनाची जागाही खेळ घेत नाही. पण काहीच न बोलता चार जणांत असण्याची मुभा तो देतो. घाटाखालच्या या पट्ट्यात दरडीची भीती दर पावसाळ्यात असते, म्हणून प्रत्येक शाळेच्या खेळाच्या शिक्षकाला याचं थोडं तरी प्रशिक्षण असायला हवं.

शरीर घडवणं हा शिक्षणाचा भाग आहे, हा विचार इथे बाहेरून आलेला नाही. बोरघाट चढून गेलं की लोणावळा. तिथे स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाभ्यासाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार लावले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं, आणि व्यायाम शिक्षक तयार करण्यासाठी कांदिवलीची सरकारी संस्था 1938 मध्ये उभी राहिली. परंपरा भक्कम आहे. तिच्यातून शाळांकडे मात्र प्रामुख्याने कवायत उरली: रांगा, सावधान, विश्राम, आणि 26 जानेवारीचं संचलन. कवायतीला माझा विरोध नाही. लयीत एकत्र हलण्याचा आनंद मुलांना असतोच. पण वर्षभराचं शारीरिक शिक्षण तेवढ्यावर भागवलं, तर मुलं आज्ञा पाळायला शिकतील, निर्णय घ्यायला शिकणार नाहीत.

मग अडतं कुठे? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य सांगितलं आहे. शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मात्र सहावी ते आठवीच्या वर्गांना, तोही पट शंभरावर असेल तरच. वाडीवरची शाळा बहुधा चौथी-पाचवीपर्यंतची आणि दोन शिक्षकांची. म्हणजे ज्या वयात शरीराची जाण घडते, त्या वयासाठी या शाळांत खेळाचा वेगळा माणूस कायद्यानेच मिळत नाही. जे करायचं ते वर्गशिक्षकाने. त्याला राज्याच्या 'आनंददायी शनिवार'सारख्या उपक्रमातून 2024 पासून जागा मिळाली आहे, तिचा उपयोग करून घ्यायला हवा. जमिनीचा प्रश्न त्याहून कठीण. पूर्वी शाळेमागचा माळ सगळ्यांचा होता. आता तिथे कुठल्या तरी प्रकल्पाचं तारेचं कुंपण येतं आणि मुलं रस्त्यावर खेळतात. ग्रामसभेने शाळेच्या खेळासाठी जागा राखून ठेवण्याचा ठराव वेळेत करणं, हे आज एखादा प्रशिक्षक नेमण्याइतकंच महत्त्वाचं झालं आहे.

पाऊस हा आमचा दुसरा अभ्यासक्रम ठरवतो. कर्जत परिसरात वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माथेरानवर त्याहूनही जास्त. जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल. छापील आराखड्यात हे चार महिने धरलेलेच नसतात, आणि शालेय स्पर्धा तर नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात. म्हणून पुढच्या पानांत पडवीत आणि वर्गात खेळायचे खेळ विस्ताराने दिले आहेत: दोरीवरच्या उड्या, सागरगोटे, तोल सांभाळण्याचे खेळ, श्वसन, टाळ्यांच्या लयी, ठाकरांच्या नाचातल्या पदन्यासावर बेतलेले व्यायाम.

स्पर्धांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. आदिवासी विकास विभागाच्या पेण प्रकल्पाच्या स्पर्धा, तालुका आणि जिल्हा स्तरावरच्या शालेय स्पर्धा यांतून गुणी मुलं पुढे येतात, आणि यायलाच हवीत. चांगलं खेळणाऱ्याला दहावीला सवलतीचे गुण असतात, नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असतं. पहाटे कर्जत-मुरबाड रस्त्यावर पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटरचा सराव करणारी मुलं आणि आठशेचा सराव करणाऱ्या मुली दिसतात; त्या धावण्यामागे घर वर काढायची धडपड असते, तिचा मला आदर आहे. पण दीडशे मुलांच्या शाळेत बारा जणांचा संघ निवडला, ऑगस्टपासून सगळं मैदान त्यांना दिलं आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवलं, तर त्याला शारीरिक शिक्षण म्हणता येणार नाही. उरलेल्या एकशे अडतीस मुलांचा तासही तितकाच खरा आहे. त्यांतलं एखादं मूल लंगडतं, एखाद्याला दमा आहे, एखादं नुसतं लाजाळू आहे. त्यांच्यासाठी नियम कसे बदलावेत, रिंगण कसं लहान करावं, पंचाचं आणि गुणलेखनाचं काम आळीपाळीने कसं द्यावं, हे या पुस्तकात तपशीलवार आलं आहे. माझ्या मते त्यातला सर्वांत उपयोगी भाग हाच.

शिक्षकांना माझी विनंती दोन गोष्टींची. जूनमध्ये वेळापत्रक लावताना खेळाचा तास शेवटी टाकू नका, तो जेवणाआधीच्या दोन तासांमध्ये आणा. शेवटचा तास माहिती भरण्यात, सभेत, नाहीतर लवकर सुटण्यात जातो हे आपण सगळे जाणतो. आणि दुसरी, एक साधी वही ठेवा. जिंकलेल्यांची नावं ढालीवर येतातच; या वहीत त्या दिवशी कोण खेळलं नाही त्याचं नाव आणि कारण लिहा. पोट दुखत होतं, चप्पल नव्हती, भावाला सांभाळायचं होतं, कुणी गटात घेतलं नाही. महिनाभराने ती वही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा आणि एकेका कारणावर काय करता येईल ते तिथेच ठरवा.